चकव्याला शिंगं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या एका गावात घडणारं कॉमिक काढायला घेतलंय, त्यातला मुख्य खलनायक चकवा आहे. संगणकावर त्याचं मोठं चित्र रंगवलं, ते मित्रांना जाम आवडलं. पण तोच चकवा पानावरच्या चौकटीत आला की जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसतो. सिनेमातली असली पात्रं अंगावर काटा आणतात, मग कागदावरच का फसतात? आणि कॉमिकसाठी अमानवी पात्र घडवायचं तर सुरुवात कुठून करायची?

सोबतचं चित्र पाहिलं. हात चांगला आहे, उजेड-अंधाराची जाण आहे. आठ फुटी देह, बैलाची शिंगं, लाल डोळे, खांद्यांवर शेवाळ, मागून निळसर उजेड, पायाशी धुकं. सिनेमाचं पोस्टर म्हणून कुणीही उचलेल, आणि घोळ नेमका तिथेच आहे. न बनलेल्या एका सिनेमातली एक फ्रेम तुम्ही रंगवलीत आणि आता ती शंभर-दीडशे चौकटींत कोंबायला निघाला आहात.

आधी सिनेमाकडे बघू. कॉमिकबरोबर मी सिनेमाच्या स्टोरीबोर्डची, म्हणजे चित्रीकरणाआधी दृश्यं कागदावर काढून देण्याचीही कामं करत आले आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या लबाड्या ठाऊक आहेत. कॅमेऱ्यासमोरची भिंत खरी दिसते, पाऊस खरा दिसतो, नटाच्या कपाळावरचा घाम खरा दिसतो. हे सगळं खरं धरून प्रेक्षक निवांत बसलेला असतो आणि त्या खऱ्यात एकच गोष्ट वावगी वागते. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवून अदृश्य माणसाचा खेळ उभा केला. त्यावरून त्यांना ‘काला धागा’ हे टोपणनावच पडलं. एखादी वस्तू आपोआप उचलली जाते, एवढंच. पण ती वस्तू रोजच्या वापरातली, आणि रोजच्या वस्तू असं वागत नाहीत, म्हणून बघणारा थक्क.

आता तशीच एखादी वस्तू, समजा पाण्याचा पेला, कागदावर अधांतरी काढा. काही म्हणजे काही होत नाही. पेला तुम्हीच काढलेला, टेबल तुम्हीच काढलेलं, मधली हवाही तुम्हीच कोरी सोडलेली. वाचकाच्या लेखी तो पेला जरा वर काढलाय, इतकंच. गाय आणि भूत दोन्ही एकाच शाईतून उतरलेली असतात, त्यामुळे वाचक दोघांवर सारखाच विश्वास ठेवतो आणि घाबरण्याचं कारणच उरत नाही. भूत अधिक भयंकर काढून हा प्रश्न सुटत नाही. दात वाढवले, नखं वाढवली, रक्त वाढवलं, तरी ते त्याच शाईतलं राहतं.

दुसरी गोष्ट वेळेची. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम जातात आणि घड्याळ दिग्दर्शकाच्या हातात असतं. अर्धा सेकंद काहीतरी दाराआड हललं, आवाज आला, संपलं. काय दिसलं हे प्रेक्षक स्वतःच्या मनात पुरं करतो. कॉमिकमध्ये घड्याळ वाचकाच्या हातात. तुम्ही ‘ओझरतं’ म्हणून काढलेल्या चौकटीवर तो चहा पीत दोन मिनिटं थांबू शकतो, बोटांनी चित्र मोठं करून बघू शकतो, मागे जाऊन पुन्हा येऊ शकतो. शिवाय तिथे ध्वनी नाही. भयपटाचा आवाज बंद करून बघा, निम्मी भीती तिथेच गळून पडते. तुमचा चकवा ज्या उजेडावर, धुक्यावर आणि मनातल्या मनात ऐकू येणाऱ्या संगीतावर उभा आहे, त्यातलं काहीही छोट्या चौकटीत त्याच्याबरोबर येत नाही. येतो तो नुसता शिंगवाला इसम.

इसम म्हणण्याचं कारण आहे. चित्र पुन्हा नीट बघा, तुमच्या चकव्याच्या आत एक माणूस उभा आहे. दोन हात, दोन पाय, माणसाच्याच जागी गुडघे, माणसाच्याच जागी डोळे. सिनेमातल्या राक्षसांची ही मजबुरी असते, कारण तिथे खरंच आत नट असतो आणि त्याला दिसायला, श्वास घ्यायला, चालायला लागतं. गिलेर्मो देल तोरोच्या २००६ च्या ‘पॅन्स लॅबिरिंथ’मधला तळहातांत डोळे असलेला फिकट राक्षस आठवत असेल. त्याच्या चेहऱ्याला डोळेच नव्हते, म्हणून आतला नट डग जोन्स मुखवट्याच्या नाकपुड्यांतून बघत काम करत होता. मजबुरीतून किती अफाट काम होऊ शकतं त्याचा हा नमुना. पण कागदावर नट नाही, त्याचा श्वास नाही, त्याचं वेळापत्रक नाही. तरीही सिनेमे बघून तयार झालेली आपली नजर रबरी पोशाख घातलेला माणूसच काढत राहते. ही सवय मोडायला वेळ लागतो, वर्गात शिकवताना मला ती दर बॅचमध्ये दिसते.

कॉमिकमधून सिनेमात गेलेलं एक अमानवी पात्र समोर ठेवते, म्हणजे दोन माध्यमांतला फरक हातात धरून बघता येईल. हेलबॉय. माइक मिन्योलाने १९९१ मध्ये एका कॉमिक संमेलनासाठी त्याचं पहिलं चित्र काढलं. तो वेगळाच आडदांड राक्षस होता, कमरेच्या पट्ट्यावर नाव लिहिलेला. १९९४ ला त्याची पहिली मालिका आली तोवर त्याची आजची ओळख बसली होती: तांबडं अंग, कापून टाकलेल्या शिंगांचे कपाळावर उरलेले दोन गोल खुंट, लांब कोट आणि उजवा हात अवाढव्य, दगडाचा. मिन्योला निम्मं पान काळ्या शाईत बुडवतो. हेलबॉय बऱ्याचदा अंधारातच उभा असतो, डोळ्याच्या जागी पिवळा ठिपका, कोटाची एक कड, तो हात, बाकी सपाट काळं. तरी तो ओळखू येतोच. त्वचा कशी आहे, केस कसे आहेत, नखं आहेत की नाहीत, हे मिन्योला सांगतच नाही. सांगितलं असतं तर दर चौकटीत ते काढत बसावं लागलं असतं, आणि वाचकही बघत बसला असता.

२००४ मध्ये देल तोरोने त्याच्यावर सिनेमा केला, रॉन पर्लमनला घेऊन. आता कॅमेऱ्याला ‘सपाट काळं’ चालत नाही. माणूस दिसला की त्वचा दिसणार, त्वचा दिसली की छिद्रं, सुरकुत्या, ओल, केसांची मुळं दिसणार. म्हणून मिन्योलाने जे गाळलं होतं ते सगळं रंगभूषेच्या लोकांना भरून काढावं लागलं. तांबड्या रंगातही माणसाच्या कातडीसारख्या छटा आणाव्या लागल्या. सिनेमावाल्यांनी काम उत्तम केलं, मला तो सिनेमा आवडतो. पण दिशा लक्षात घ्या. कागदावरून पडद्यावर जाताना भर घालावी लागते. तुम्ही पडद्याच्या भाषेत विचार करून कागदावर येताय, म्हणजे तुम्हाला उलटं जायचंय. शेवाळ जाणार, निळा उजेड जाणार, स्नायूंवरची चमक जाणार. हे सगळं काढून टाकल्यावर खाली काय उरतं ते बघा. तुमच्या चित्रात शिंगं उरतात, आणि शिंगांचा चकव्याशी काडीचा संबंध नाही.

आता मला जे सांगायचंय ते. सिनेमातलं भूत जगाचा नियम मोडतं. कॉमिकमधल्या भुताने तुमच्या चित्राचा नियम मोडला पाहिजे. आख्खं पुस्तक बाह्यरेषेने काढत असाल तर त्याला बाह्यरेषा नको. सगळी पात्रं चौकटीत मावत असतील तर ते चौकटीबाहेर सांडू दे. सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडत असतील तर त्याची उजवीकडे पडू दे. वाचकाने पहिल्या काही पानांत तुमच्या रेषेवर विश्वास ठेवलेला असतो, कागदावरचं ‘खरं’ तेवढंच. तडा तिथे जायला हवा. आणि कुठला नियम मोडायचा हे मनाला येईल तसं ठरवायचं नाही, ते त्या पात्राच्या स्वभावातून, त्याच्या अटीतून आलं पाहिजे.

अट म्हणजे काय, त्याचं उदाहरण घरचंच आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’मधला हस्तर. सोनं त्याच्याकडे हवं तेवढं, पण अन्नाला तो मुकलेला, म्हणून तो पिठासाठी वखवखलेला. एवढी एक अट. त्यातून कणकेची बाहुली आली, पिठाचं रिंगण आलं, त्याच्या लंगोटातून सांडणाऱ्या मोहरा आल्या, एकावर एक रचलेला हावरेपणा आला. त्या पात्राच्या अंगावरची जवळजवळ कुठलीच वस्तू शोभेची नाही. आधी चेहरा काढून मग त्याला गोष्ट चिकटवली असती तर हा हस्तर झाला नसता. सिनेमाने त्याला अंधार, पाऊस आणि लाल ओलसर भिंती दिल्या, ती सिनेमाची मिळकत. पण अट कुठल्याही माध्यमात चालते.

तर चकव्याची अट काय? आपल्याकडे चकवा लागला म्हणतात तेव्हा माणूस रात्रभर चालतो आणि फिरून फिरून त्याच जागी येतो. तो अंगावर धावून येत नाही, रक्त पीत नाही, मानगुटीवर बसत नाही. बहुतेक सांगणाऱ्यांना तो दिसलेलाही नसतो. ‘साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) तीनदा गेलो’ असं सांगतात, ‘त्याचे डोळे लाल होते’ असं नाही. उपायही साधा सांगतात: चालणं थांबवायचं, आहे तिथे बसून उजाडेपर्यंत थांबायचं. या भुताची सगळी भीती रस्त्यात आहे. त्याला शिंगं दिलीत की तो रस्त्यातून बाहेर येऊन चौकटीच्या मधोमध उभा राहतो आणि इतर कुठल्याही राक्षसासारखा होतो.

मी काय केलं असतं ते सांगते, आवडलं तर घ्या. गोष्ट भातलावणीच्या दिवसांतली ठेवा. पाऊस, भाताची खाचरं, चिऱ्यांचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, एक साकव. पायवाटेवर पुढे कुणीतरी चाललंय, पाठमोरं, डोक्यावर इरलं. बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं ते इरलं डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकतं. लावणी करणारी बाई वाकली की मागून नुसता एक उलटा, निमुळता, होडीच्या आकाराचा ढीग दिसतो, माणूस दिसत नाही. आता प्लास्टिकमुळे इरली कमी झाली, पण घरात जुनी माणसं असतील तर विचारा, माळ्यावर एखादं सापडेलही. हाताळा, पाठीवर घेऊन आरशात बघा, वाकून बघा. त्या आकारात तुम्हाला हवं ते सगळं आहे. चेहरा आपोआप झाकलेला. पावसात कुणी इरलं घेऊन चाललंय यात संशय घेण्यासारखं काही नाही, म्हणून पहिल्यांदा वाचक त्याच्याकडे लक्षही देणार नाही. आणि चार फटकाऱ्यांत तो आकार उतरतो.

आता नियम मोडायचा. पाऊस तुम्ही रेषांनी काढणार, तिरक्या, बारीक, आख्ख्या चौकटीवरून. झाडावर, गडग्यावर, नायकाच्या अंगावर, सगळ्यांवरून त्या रेषा जातील. इरलंवाल्याच्या अंगावरून एकही रेष जाऊ देऊ नका. त्याच्या भोवतीही बाह्यरेषा नको. पावसाच्या रेषा त्याच्या आकाराच्या कडेला येऊन तुटतात, आणि पाऊस जिथे पडत नाही तिथे तो आहे. दुरून बघितलं तर पांढरी मोकळी जागा, इरल्याच्या आकाराची. वाचकाला पहिल्या एक-दोन वेळा कळणारही नाही काय खटकतंय. हे सिनेमात करायला गेलात तर संगणकाने अंगावरचा पाऊस पुसावा लागेल आणि तो पुसलेला दिसेल. कागदावर ते फुकट आहे, आणि फक्त कागदावरच ते असं दिसू शकतं.

दुसरा नियम पर्स्पेक्टिव्हचा. वाट पुढे जाते, झाडं लहान होत जातात, गडगा निमुळता होतो, हे सगळं तुम्ही रीतसर काढा. चकव्याचा आकार मात्र प्रत्येक चौकटीत मिलिमीटरपर्यंत तेवढाच ठेवा. नायक धावला तरी तेवढाच, थांबला तरी तेवढाच. यासाठी तो दर वेळी नव्याने काढायचाही नाही. एकदा काढलेला तोच आकार सगळीकडे उचलून ठेवा. बाकी पुस्तक हाताने काढलेलं आणि एकच पात्र हुबेहूब नक्कल, कडेचा तोच थरकाप. कष्ट वाचले ते वेगळेच! पण इथे थांबा. दोन नियम पुरे. तिसरा मोडलात की वाचकाला तुमची रेष मुळातच कच्ची वाटायला लागते, आणि मोडायला मग काही शिल्लक राहत नाही.

आता पानं. कॉमिकचं पान वाचक एका नजरेत आख्खं बघतो आणि मग चौकटी वाचतो. सिनेमाकडे ही सोय नाही, तिथे एका वेळी एकच चौकट. चकवा त्या पानातच लावा. समजा चौथ्या-पाचव्या पानावर तीन बाय तीनच्या सारख्या चौकटी आहेत, डावीकडे वर साकव, मध्ये गडग्याचं वळण, शेवटच्या चौकटीत आंब्याचं झाड. पान उलटलं की सहाव्या-सातव्यावर तीच मांडणी, डावीकडे वर पुन्हा साकव. चित्रं थोडी वेगळी, मांडणी तीच. वाचकाचा हात आपोआप मागे जातो, आपण चुकून तेच पान तर उघडलं नाही ना हे बघायला. त्या क्षणी चकवा नायकाला लागलेला नसतो, वाचकाला लागलेला असतो. मी सांगितलेल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी विसरलात तरी चालेल, ही एवढी करून बघा.

छापील पुस्तकात उलगडा नेहमी पान उलटल्यावर येणाऱ्या डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्याच्या पानावर ठेवतात. उजव्या पानावर ठेवलात तर डावं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यात तो दिसून जातो. मोबाइलवर खाली सरकवत वाचायचं वेबकॉमिक करत असाल तर पान उलटणं नाही, तिथे दोन चौकटींमधली मोकळी जागा हेच तुमचं घड्याळ. साकव, मग लांबलचक काळं, मग पुन्हा साकव. अंगठा सरकत राहतो आणि काही येत नाही, ही घालमेल तिथे चांगली जमते. पण समोरासमोरच्या दोन पानांची गंमत तिथे मिळत नाही, म्हणून दोन्हींसाठी एकच मांडणी वापरू नका.

गोष्टही याच अटीतून काढा. बसलं की सुटका, मग तुमचा नायक बसत का नाही? कारण त्याला घाई आहे. पहाटेची एसटी पकडायचीय, आजारी माणसासाठी औषध न्यायचंय, भांडून निघालाय आणि मागे फिरणं कमीपणाचं वाटतंय, काहीही. चकव्याला भूतकाळ द्यायची गरज मला दिसत नाही. तो कोण होता, कसा मेला, कुणाचा सूड घेतोय, हे चार पानांचं फ्लॅशबॅक तुमच्या आराखड्यात आहे ते कापा. प्रत्येक भुताला दुःखद कहाणी असावी हा अलीकडच्या सिनेमांचा आग्रह आहे, आणि दर वेळी तो कामाचा नसतो.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या भागात वेताळ येऊन चकव्याशी लढणार. तिथे जरा जपून. वेताळ म्हटलं की आपल्यातल्या निम्म्यांना विक्रमाच्या खांद्यावरचा आठवतो आणि उरलेल्यांना इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेवाला. पण तुमची गोष्ट सिंधुदुर्गातली आहे, आणि तिथे वेताळ म्हणजे वेतोबा, तो देव आहे, लोक त्याला नवस बोलतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला देवाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, ही श्रद्धा. देवळात ठेवलेले ते जोड बघा, त्यांच्या मापावरूनच अंगावर येतं काहीतरी. अट, वस्तू, चाल, सगळं त्या चपलांत आयतं आहे. माझ्या हातात असतं तर मी वेतोबाचा चेहरा काढलाच नसता आणि त्याची कुस्तीही लावली नसती. चिखलाच्या वाटेवर एक प्रचंड ठसा, त्यात साचलेलं पाणी, आणि त्या पाण्यावर पावसाचे थेंब पडतायत. चकव्याच्या जागेत पाऊस पडत नव्हता, इथे पडतोय. वाचकाला काय झालं ते समजतं. श्रद्धाही दुखावत नाही आणि चित्रही चांगलं होतं.

आकार शोधायला परदेशी कन्सेप्ट आर्टच्या साइटवर जाण्याआधी शिमग्याला गुहागरकडे जाऊन या. संकासूर बघा: अंगभर काळा वेश, वर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. लांबून, संध्याकाळच्या उजेडात, गर्दीतही तो पहिल्या नजरेत वेगळा कळतो. पोरं पळतात ती उगाच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी बघा. ठाकर कलाकार पोथीतली चित्रं एकेक करून दाखवतात आणि गात गात गोष्ट सांगतात, म्हणजे आपल्याच धंद्यातले पूर्वज. त्यातले राक्षस मानवी प्रमाणाची पर्वा करत नाहीत, डोळा हवा तेवढा मोठा, हात हवा तेवढा लांब. नक्कल करायची नाही. तिथे गाळलेलं काय आणि ठेवलेलं काय, तेवढं वहीत टिपून आणा.

मॉडेल शीटबद्दल, म्हणजे पात्र सगळ्या बाजूंनी काढून ठेवलेल्या संदर्भाच्या कागदाबद्दल विचारलंत. नायकाचं नेहमीसारखं करा: समोरून, बाजूने, मागून, सहा-सात भाव, वाकलेला, पळणारा, भिजलेला. भिजल्यावर केस आणि सदरा कसा बसतो हे आधीच ठरवा, कारण तुमचा नायक आख्ख्या पुस्तकात ओलाच आहे. चकव्याची शीट वेगळी. त्याला समोरची बाजू नाही, भाव नाहीत. आकार एकच, तोही दोन सेंटिमीटर उंचीवर काढून बघा आणि घरातल्या कुणालाही विचारा, हे काय आहे? ‘इरलं’ किंवा ‘कुणीतरी वाकलंय’ म्हणाले तर जमलं. ‘दगड’ म्हणाले तर कामट्यांची टोकं थोडी बाहेर काढा. हे काळ्या-पांढऱ्यातच करा. रंग शेवटी आणि मोजके, पावसाळी हिरवा, चिऱ्याचा तांबूस आणि रात्रीचा राखाडी. चकव्याच्या जागी कागदाचा पांढरा, जो दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही, कंदिलाच्या उजेडातसुद्धा नाही. कंदिलाला पिवळसर ठेवा.

एआयकडून पात्राच्या आवृत्त्या काढून घ्याव्या का, असंही विचारलंय. मूड बघायला हवं तर घ्या. पण तुमचं पात्र एकच आकार हुबेहूब पुन्हा येण्यावर उभं आहे, आणि तिथून दर वेळी थोडं वेगळं इरलं येईल.

उरलं अक्षरलेखन, त्याकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. संवादांचे फुगे त्या हिशेबाने आधीच मोठे आखा. चित्र पुरं झाल्यावर फुगा बसवायला गेलात तर तो नेमका इरल्यावरच येईल. इंग्रजी कॉमिकसारखी कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे ओरडणं ठळकपणाने आणि आकाराने दाखवायचं.

चकवा बोलतो का? मुका ठेवलात तर उत्तम. पण आराखड्यात तो नायकाला नावाने हाक मारतो, आणि ती कल्पना मला सोडवत नाही. मग तिथेही चित्राचाच न्याय लावा: त्याच्या अक्षरांना शिरोरेषा देऊ नका. आख्खं पुस्तक शिरोरेषेखाली आणि ही एकच हाक रेषेवाचून सुटी, फुग्याशिवाय, पावसाच्या रेषांमध्ये. शिरोरेषा गेली की दोन शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणून शब्दांमधलं अंतर दुप्पट ठेवा. घ-ध आणि भ-म यांची गल्लत होते, म्हणून नायकाचं नाव आत्ताच तपासून घ्या. माधव असेल तर बदला, सदा चालेल. फाँटमधली शिरोरेषा खोडून हे जमत नाही, टोकं तुटकी दिसतात. ब्रशने हाताने लिहा, एकदाच, आणि पुढे प्रत्येक हाकेला तेच अक्षर उचलून ठेवा.